पांढरं दार पांढरंच राहावं म्हणून: ऑइल पेंट, हायब्रिड, अ‍ॅक्रिलिक की पीयू?

जुन्या फ्लॅटमधलं, पांढरा ऑइल पेंट दिलेलं एखादं भिंतीतलं कपाट उघडून बघा. बाहेरची बाजू अजून बऱ्यापैकी पांढरी असते, आतली मात्र लोण्यासारखी पिवळी. घरातले म्हणतात, धूळ बसली, जुनं झालं. पण धूळ पुसली की जाते, हा पिवळेपणा जात नाही. तो रंगाच्या आतच तयार झालेला असतो.

ऑइल पेंटमध्ये अल्किड नावाचं रेझिन, म्हणजे रंगाचा थर धरून ठेवणारं द्रव्य असतं आणि त्यात अळशी, सोयाबीन अशी तेलं मिसळलेली असतात. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून रंग वाळतो. पण ही क्रिया वाळल्यावर थांबत नाही. ती वर्षानुवर्षं हळूहळू चालू राहते आणि त्यातून पिवळसर द्रव्यं तयार होतात. उजेडात त्यातली बरीचशी फिकी पडतात, अंधारात साठत जातात. म्हणून कपाटाची आतली बाजू, दारामागची चौकट, कॅलेंडरखालची जागा आधी पिवळी होते. स्वयंपाकघरातल्या उष्णतेने वेग वाढतो. भिंतींच्या काही इमल्शनमध्ये अमोनिया असतो, त्याच्या वाफेनेही वाढतो. बंद खोलीत भिंती आणि दारं एकदमच रंगवली, तर नवं पांढरं दार लवकर पिवळं पडण्याचं तेही एक कारण असू शकतं.

म्हणजे डब्यावर ‘पाण्याचा’ (पाण्यात मिसळणारा) लिहिलंय का, याआधी बघायचं ते आत रेझिन कोणतं आहे. निवड चार प्रकारांतून करायची असते.

पहिला आपल्या ओळखीचा ऑइल पेंट: अ‍ॅपकोलाइट, लक्सोल वगैरे. चकाकी आरशासारखी, ब्रशच्या रेषा आपोआप बसतात, किंमत कमी आणि कुठल्याही रंगाऱ्याचा हात त्यावर बसलेला. वास मात्र दिवसेंदिवस राहतो, आणि दोन हातांमध्ये रात्र जाऊ द्यावी लागते. हा वास उडून जाणाऱ्या रसायनांचा. युरोपात 2010 पासून लाकूडकामाच्या अशा सॉल्व्हंटवाल्या (पाण्याऐवजी रासायनिक द्रावक असलेल्या) रंगात ती लिटरमागे 300 ग्रॅमपर्यंतच चालतात, पाण्याच्या रंगाला मर्यादा 130 ग्रॅमची आहे. खिडकीच्या लोखंडी ग्रिलला, गडद तपकिरी चौकटीला ऑइल पेंट खुशाल द्या. घरातल्या पांढऱ्या दाराला देऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन.

दुसरा हायब्रिड, म्हणजे पाण्यात मिसळणारं अल्किड. फसगत होते ती इथेच. ब्रश पाण्याने धुता येतो, वास कमी, रंग ऑइल पेंटसारखाच छान पसरतो. म्हणून दुकानात सांगतात, ‘पाण्याचा आहे, पिवळा पडत नाही.’ पण तेल आत आहेच. ऑइल पेंटपेक्षा सहसा कमी पडेल, उशिरा पडेल, पण पिवळा पडेल. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘अल्किड’ शब्द दिसला, तर पांढऱ्यासाठी तो डबा बाजूला ठेवा.

तिसरा शुद्ध अ‍ॅक्रिलिक. पाणी उडून जातं, रेझिनचे कण एकमेकांत मिसळून थर होतो, तेलाचा संबंध नाही. त्यामुळे अंधारातही पांढरा राहतो. साधारण तासाभरात हात लावण्याइतका वाळतो आणि चारेक तासांनी दुसरा हात देता येतो. उणीव दोन ठिकाणी. चकाकी ऑइल पेंटएवढी येत नाही. आणि थर थोडा मऊ राहतो: पल्ला चौकटीला चिकटतो, कडीजवळ हाताचं तेल लागून रंग मऊ पडतो. कमी वापराच्या दाराला, खिडकीच्या चौकटीला हा पुरेसा आहे.

चौथा अ‍ॅक्रिलिकमध्ये पॉलियुरेथेन (पीयू) मिसळलेला, पाण्याचाच. पांढरेपणा तितकाच टिकाऊ, थर अधिक कडक, चिकटणं कमी. मुलं असलेल्या घरात, सतत उघडमीट होणाऱ्या दारांना मी हाच निवडेन. पैसे जास्त लागतात, पण दार पुन्हा घासून रंगवण्याची मजुरी धरली तर ते वसूल होतात. आरशासारखी चकाकीच हवी असेल, तर हाही थोडा कमी पडेल, हे आधीच मनाशी ठरवा. किचनच्या शटरला स्प्रेने मारतात तो दोन भागांचा पीयू वेगळा. त्यात हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारा दुसरा भाग, ‘अ‍ॅलिफॅटिक’ प्रकारचा आहे का, हे लेखी विचारा. स्वस्तातला अ‍ॅरोमॅटिक हार्डनर पांढऱ्याला हमखास पिवळं करतो.

आता अस्तराकडे, म्हणजे प्रायमरकडे, कारण उत्तम रंगही इथे हरतो. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या कोऱ्या सागवानात स्वतःचे रंगद्रव्य आणि तेलकटपणा असतो, पाइनच्या गाठींत राळ असते. त्यावर पाण्याचा रंग थेट दिला की पाणी ती द्रव्यं वर ओढतं आणि पिवळट-तपकिरी डाग उमटतात. ‘पिवळा पडत नाही म्हणाले आणि महिन्यात पडला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. रंग नवा घेऊन उपयोग नाही, डाग पुन्हा वर येतो. आधी डाग अडवणारा प्रायमर किंवा मेण काढलेल्या लाखेचा हात द्यायचा. पाण्याने लाकडाचे तंतूही उभे राहतात, म्हणून पहिला हात वाळल्यावर 320 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासायचं, मग पुढचा.

दारावर जुना रंग असेल, तर तो कोणता हे ओळखायला कापसाला स्पिरिट लावून कोपऱ्यात घासा. रंग मऊ होऊन कापसाला लागला तर तो पाण्याचा, काहीच झालं नाही तर बहुधा ऑइल पेंट. तो धुण्याच्या सोड्याने धुऊन, घासून, पकड देणारा प्रायमर देऊनच पुढे जा. नाहीतर नवा थर नखाने निघेल. पेठांतल्या वाड्यात किंवा खूप जुन्या इमारतीत कोरडं घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) कायदेशीर मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून आहे, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. ओलं घासा, लहान मुलांना दूर ठेवा.

रंगाऱ्याला दोन गोष्टी आधीच सांगा. केसाचा ब्रश पाण्यात फुगतो, सिंथेटिक ब्रश किंवा बारीक रोलर लागेल. आणि हा रंग ऑइल पेंटसारखा पुन्हा पुन्हा फिरवायचा नाही, एकदा पसरवला की सोडायचा. रंग वरून लवकर वाळला तरी पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे जातात. तोवर दार रात्री घट्ट लावू नका, जोरात पुसू नका.

वेळ दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतची साधा. पावसाळ्यात दारं फुगलेली असतात आणि रंग वाळता वाळत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तो इतका पटकन वाळतो की ब्रशच्या पट्ट्यांचे सांधे दिसतात. पावसाळा हातात असेल तर बोहरी आळीतल्या रंगाच्या दुकानांतून मनात असलेल्या दोन-तीन रंगांचे लहानात लहान डबे आणा, एकेका रंगाचे दोन-दोन पुठ्ठे रंगवा. एक खिडकीजवळ ठेवा, दुसरा कपाटाच्या खणात. दिवाळीत शेजारी शेजारी धरून बघा आणि मगच मोठा डबा घ्या.