शाकोन पियानोवर: बुसोनीचा की ब्राम्सचा?

मला व्हायोलिन येत नाही. तरी जर्मन संगीतकार बाखच्या डी मायनर पार्टिटातला, म्हणजे नृत्यरचनांच्या मालिकेतला, शेवटचा शाकोन एकदा आपल्या हाताखालून जावा, ही इच्छा काही सुटत नव्हती. अशा लोकांसाठी त्याची पियानोवरची बरीच रूपं आहेत, पण विचारणारे बहुतेक जण अडलेले असतात ते दोन संगीतकारांपाशी: बुसोनी आणि ब्राम्स. मी दोन्ही वाजवलेत. बुसोनी दीड वर्ष, ब्राम्स गेली तीन वर्षं. वाजवलेत म्हणजे घरच्या घरी, ऑफिसातून आल्यावर जमेल तसे. मैफिली करणाऱ्यांनी माझ्या मतावर जाऊ नये.

मूळ रचना 1720 च्या सुमाराची, एकट्या व्हायोलिनसाठी. चार-चार बारांचा (बार म्हणजे मात्रांचा गट) खर्ज फिरत राहतो आणि त्यावर एकामागून एक रूपं उभी राहतात. तबल्याच्या सोलोत लेहरा फिरतो तसंच. फक्त इथे लेहरा आणि तबला दोन्ही एकाच माणसाने चार तारांवर सांभाळायचे. सगळी जान त्या ओढाताणीत आहे. चार स्वरांचा कॉर्ड (एकत्र वाजायचे स्वर) गजाला एकदम घेता येत नाही, तो मोडून घ्यावा लागतो, आणि तसा मोडताना प्रत्येक कॉर्ड जणू कमावल्यासारखा वाटतो.

पियानोवर दहा बोटं आली की ही ओढाताण संपते. मग करायचं काय? बुसोनीचं उत्तर (साल 1893) सरळ आहे: जागा आहे ना, मग भरा. ऑक्टेव्ह (सप्तकाच्या अंतरावरचे जोडस्वर), जाड कॉर्ड, खर्जातला गडगडाट. बाखने हे ऑर्गनसाठीच लिहिलं असावं, असं वाटायला लागतं. मधला डी मेजरचा भाग सुरू होतो तिथे तर ‘ट्रॉम्बोनसारखं’ (ट्रॉम्बोन म्हणजे भारदस्त पितळी वाद्य) अशी सूचनाच आहे. एका ओळखीच्यांच्या क्लासमधल्या ग्रँड पियानोवर मला तो भाग एकदा वाजवायला मिळाला. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

ब्राम्सने उलट केलं. दहा बोटांतली पाच काढूनच घेतली. 1877 च्या उन्हाळ्यात त्याने पियानोवादक मैत्रीण क्लारा शुमानला ही प्रत पाठवली, फक्त डाव्या हातासाठी. सोबतच्या पत्रातला मुद्दा असा, की एका हाताने वाजवलं तरच आपण व्हायोलिन वाजवतोय असं त्याला वाटतं. तीच अडचण, तेच मोडलेले कॉर्ड. आणि योगायोग बघा, नेमका तेव्हाच खण उघडताना क्लाराबाईंचा उजवा हात दुखावला होता. स्वर जवळपास बाखचेच, बहुतेक ठिकाणी एक सप्तक खाली. त्यामुळे आवाज व्हायोलिनपेक्षा चेलोकडे, म्हणजे त्याच्या खर्जातल्या थोरल्या भावाकडे, झुकतो. मला तो आवडतो, पण ही आवडीची गोष्ट झाली.

माझा निर्णय मात्र इतक्या उंचीवर झालाच नाही. तो खालच्या मजल्यावरच्या काकूंनी केला.

माझ्याकडे डिजिटल पियानो आहे, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि रियाजाची वेळ रात्री दहानंतरची. हेडफोन लावले की प्रश्न मिटला, अशी माझी समजूत होती. एके दिवशी काकू जिन्यात भेटल्या.

“अहो, रोज रात्री काय ठोकता तुम्ही?”

“काकू, बाख.”

“बाक करताय? मग सुताराला दिवसा बोलवा ना!”

त्या रात्री बायकोने फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं. माझ्या कानात ट्रॉम्बोन, आणि खोलीत नुसतं प्लॅस्टिक खडखडतंय. त्याच्या खाली स्टँडमधून जमिनीत उतरणारे धपके. डिजिटलवर आवाज कमी करता येतो, बोटांचा जोर नाही, आणि बुसोनीचे ऑक्टेव्ह जोर मागतातच. रबरी चटई घातली, योगा मॅट दुमडून घातली, फरक जेमतेम. शेवटी हलक्या हाताने वाजवायला लागलो, तर सगळं भुसभुशीत झालं. माझा हात कसाबसा नवव्या स्वरापर्यंत पोचतो हेही खरं, पण त्यावर मी मार्ग काढला असता. काकूंवर काढता येईना.

ब्राम्स म्हणून काढला आणि राहिला तो राहिलाच. धपके निम्म्याहूनही कमी झाले असावेत. मोजले नाहीत, पण जिन्यातली तक्रार थांबली.

सोपा आहे असं समजू नका. पहिल्या महिन्यात लांबलचक आर्पेजिओच्या (कॉर्डचे स्वर एकामागून एक घेण्याच्या) भागात कोपरापासून हात दगड व्हायचा. सलग पंधरा मिनिटं वाजवायच्या भानगडीत पडू नका, तुकडे करा. एक फायदा आधी लक्षात येत नाही: डाव्या हातात सगळ्यात वरचा स्वर अंगठ्याकडे येतो, आणि गाणारी ओळ बहुतेक तिथेच असते, म्हणजे सगळ्यात दणकट बोटाला सगळ्यात महत्त्वाचं काम. बसताना नेहमीपेक्षा वीतभर उजवीकडे सरका, नाहीतर वरच्या स्वरांना कंबर पिळते. उजव्या हाताचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे. माझा हात बाकाची कड घट्ट धरून बसतो. पान उलटायला मात्र मोकळा असतो. बुसोनीत ती सोय कुठली!

ग्रँड असेल, बंगला असेल, पंजा दहाव्या स्वरापर्यंत सहज जात असेल, समोर ऐकायला माणसं बसणार असतील, तर बुसोनी घ्या, मी वाद घालणार नाही. पाहुण्यांना तोच आवडतो. ब्राम्स वाजवताना ते माझ्या रिकाम्या हाताकडे बघत बसतात. माझ्या सरांचंही मत बुसोनीकडेच आहे, आणि त्यांना माझ्यापेक्षा खूप जास्त कळतं. पण सर बुसोनीतले थर दाखवतात तेव्हा मला बुसोनी दिसतो. कॉर्ड मोडताना अंगठा जरासा उशिरा पोचतो, तेव्हा बाख.

दोन्हींचे हक्क कधीच संपलेत, नोटेशन फुकट मिळतं. आठवडाभर दोन्हींची पहिली दोन पानं वाजवून बघा. बुसोनीची प्रत मीही टाकलेली नाही. काकू महिन्यातून एखाद्या रविवारी मुलीकडे नाशिकला जातात. त्या दुपारी ट्रॉम्बोन.