एल४-एल५चं दुखणं आणि सेकंडहँड युनिकॉर्न: पावसाळा ते उन्हाळा

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली जुनी होंडा युनिकॉर्न मोटरसायकल आता उन्हाळ्यापर्यंत जवळजवळ रोज चालली आहे. नाशिकरोड ते सिन्नरची माळेगाव एमआयडीसी, मध्ये मोहदरी घाट. मला एल४-एल५ला, म्हणजे कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांमध्ये, स्लिप डिस्क आहे (मधली चकती सरकली आहे), डाव्या पायात अधूनमधून कळ उतरते. त्यामुळे इथे फक्त कंबरेच्या बाजूनं लिहितोय. मायलेज, पिकअपवर लिहिणारे भरपूर आहेत.

कंबर दुखते म्हटलं की जो तो सांगतो, 'क्रूझर घे, पाय पसरून निवांत बसशील.' म्हणून आधी बजाजची ॲव्हेंजर २२० क्रूझ चालवून पाहिली. सीट जमिनीपासून ७३७ मिमी, पाय आरामात टेकतात, गुळगुळीत रस्त्यावर मजा येते. पण फूटरेस्ट पुढे असल्यामुळे पायांवर भारच घेता येत नाही. खड्डा आला की सगळा दणका माकडहाडातून थेट मणक्यात. शिवाय कंबर मागे गोल होते, आणि तसं बसल्यावर डिस्कवर दाब वाढतो हे फिजिओथेरपीला जाऊन आलेल्यांना नव्यानं सांगायला नको. रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० बसायला त्याहून बरी. इंजिनात बॅलन्सर असल्यानं थरथरही कमी. पण वजन १९१ किलो! चालवताना ते जाणवत नाही, पार्किंगच्या चढावर गाडी मागे ओढताना जाणवतं, आणि कंबर भरते ती अशाच वेळी.

शेवटी २०२१ची युनिकॉर्न घेतली. वजन १४० किलो, मागे मोनोशॉक (मधोमध एकच शॉकअप), सीट लांब आणि बऱ्यापैकी सपाट, हँडल हाताशी. मुख्य म्हणजे फूटरेस्ट अंगाखाली येतात. स्पीडब्रेकर दिसला की दोन्ही पावलांवर जोर द्यायचा, गुडघ्यांनी टाकी धरायची आणि बूड सीटवरून दोन बोटं उचलायचं. दणका गुडघ्यांत जिरतो, मणक्यापर्यंत पोचत नाही. माझ्या लेखी आरामदायी गाडीची पहिली परीक्षा हीच, गादी किती मऊ ते नंतर. उंची मात्र बघा: सीट ७९८ मिमी आहे. बुटक्या माणसाला सिग्नलला एका बाजूला झुकावं लागेल, आणि ते झुकणंही कंबरेला चांगलं नाही.

जुनी गाडी बघायला गेलात तर इंजिनाच्या आवाजाइतकाच वेळ सस्पेन्शनला द्या. सीटवर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडा. मागचा भाग एकदा वर येऊन थांबला पाहिजे. दोन-तीनदा उसळला तर शॉकअप गेलाय. मोनोशॉकच्या रॉडवर आणि पुढच्या फोर्कवर तेलाचा ओघळ आहे का, बोट फिरवून बघा. मेन स्टँडवर लावून मागचं चाक आडवं हलवा, खडखडलं तर स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश किंवा चाकाचं बेअरिंग. मागे कुणाला तरी दाबून धरायला सांगून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल सावकाश फिरवा. मध्यभागी अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) बदलायला आलाय. रिम वाकलेली असेल तर नवा शॉकअप टाकूनही उपयोग नाही.

ट्रायल संध्याकाळी घ्या, काम करून पाठ थकलेली असताना, आणि निदान वीस मिनिटं, खराब रस्त्यानं. सकाळी ताज्या कंबरेला कुठलीही गाडी आवडते. विकणारा तेवढा वेळ देत नसेल तर सरळ दुसरी गाडी बघा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि मालकी बदलाचे फॉर्म २९-३० हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

मी दोनच बदल केले. सीटवाल्याकडून फोम बदलून घेतला, मऊ नाही, कडक. गुबगुबीत गादी पहिल्या दहा मिनिटांपुरती, नंतर हाड तळाला टेकतं. दुसरं म्हणजे पाठीवरची सॅक बंद केली. डबा आणि रेनकोट आता मागच्या कॅरिअरला बांधतो. याचा फरक फोमपेक्षाही जास्त पडला. मागच्या खिशातलं पाकीटही काढून टाका, त्यानं एक बाजू उचलली जाते आणि कंबर वाकडी राहते. टायरची हवा स्टिकरवर दिली आहे तेवढीच ठेवा. पंपावरची पोरं सवयीनं जास्त मारतात आणि गाडी दगडासारखी होते.

आता काय फरक आहे? घरी आल्यावर आधी जमिनीवर आडवं व्हावं लागायचं, तसं रोज लागत नाही. मोहदरी घाटात कळ आली तर अजूनही थांबतो, दोन मिनिटं चालतो, मग निघतो. व्यायाम चालूच आहे, तो सोडून नुसत्या गाडीवर भिस्त ठेवू नका. आणि पायाला मुंग्या वाढल्या, पाऊल उचलताना जोर कमी पडू लागला तर गाडी घरी ठेवून आधी डॉक्टर गाठा.

खटकणारी गोष्ट एकच, हेडलाइट. सेकंड शिफ्ट सुटल्यावर अंधारात खड्डा उशिरा दिसतो, आणि सीटवरून उठायला वेळच मिळत नाही. म्हणून रात्री मी चाळीसच्या पुढे जात नाही.