दादरचा बागवर्ग आणि अण्णांची वही

अमेरिकेतल्या जुन्या श्रीमंतांच्या हवेल्या आणि त्यांच्या बागा कशा टिकवल्या, यावर दादरला चार शनिवारांचा वर्ग आहे असं भाचीने सांगितलं आणि मी त्याच संध्याकाळी १,८०० रुपये भरले. घरच्यांना नवल वाटलं. पण माझे वडील, आमचे अण्णा, पेडर रोडजवळच्या एका शेटच्या बंगल्यावर माळी होते. मागच्या आवारातल्या दोन खोल्यांत आम्ही भावंडं वाढलो. पुढे बंगला विकला गेला आणि आम्ही वरळीला राहायला आलो. टॉवरसाठी सोनचाफा, बकुळी, फाटकाजवळचा जुना आंबा तोडत होते, त्या आठवड्यात अण्णा रोज सकाळी तिकडे जाऊन उभे राहायचे आणि दुपारी न जेवता परत यायचे.

वर्ग शनिवारी साडेचार ते साडेसहा, मराठीतून. शिकवणाऱ्या बाई स्वतः उद्यानं आखतात, त्यामुळे मुळं, निचरा, छाटणी याबद्दल बोलताना त्यांचा हात चालतो. पहिल्याच दिवशी त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या लाँगवुडची गोष्ट सांगितली आणि मी पेन खाली ठेवून ऐकत राहिले. पिअर्स घराण्यातल्या दोन जुळ्या भावांनी १७९८ पासून आपल्या शेतावर हौसेने झाडं लावली. शंभरेक वर्षांनी ती लाकडासाठी तुटायची वेळ आली, तेव्हा १९०६ मध्ये पिअर ड्यू पाँट या उद्योगपतीने झाडं वाचवायला ते शेतच विकत घेतलं. मग काचगृह, कारंजी, सगळं उभं केलं. माझ्या मते त्याचं सर्वात मोठं काम कारंजी नव्हेत. १९३७ मध्ये त्याने एक प्रतिष्ठान स्थापन केलं आणि आपल्यामागे बागेच्या खर्चाची सोय लावून ठेवली. १९५४ मध्ये तो वारला, बाग मात्र चालू राहिली आणि आजही लोक तिकीट काढून बघायला जातात. आमच्या शेटच्या माघारी मुलांचं एकमत झालं ते विकण्यावरच.

दुसरा शनिवार बिल्टमोरचा. जॉर्ज व्हँडरबिल्टचं उत्तर कॅरोलिनातलं २५० खोल्यांचं घर, १८९५ मध्ये पूर्ण झालेलं. खोल्यांची चित्रं जरा जास्तच वेळ दाखवली. मला हवी होती ती जमिनीची हकिकत. तिथलं बरंचसं रान ओरबाडलेलं आणि माती निकस झालेली होती. उद्यानं आखणाऱ्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने सल्ला दिला की सगळीकडे बगीचा करू नका, घराभोवती थोडी बाग ठेवा आणि बाकी जमिनीवर जंगल वाढवा. व्हँडरबिल्ट १९१४ मध्ये गेला, त्यानंतर त्याच्या पत्नीने ८६,००० एकरांहून जास्त जमीन सरकारला विकली आणि ती पिस्गा राष्ट्रीय वनाचा भाग झाली. घर १९३० पासून तिकीट लावून लोकांसाठी उघडलं. जमीन विकूनही झाडं राहू शकतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तिसऱ्या शनिवारसाठी हा वर्ग करावा असं मी कुणालाही सांगेन. वॉशिंग्टनमधल्या डंबार्टन ओक्सची बाग बिअॅट्रिक्स फेरँड या बाईंनी आखली. मालकांनी १९४० मध्ये ती हार्वर्ड विद्यापीठाला दिली, तेव्हा आपल्यामागे देखभाल करणाऱ्यांसाठी फेरँडबाईंनी एक सविस्तर टिपण लिहून काढलं. कोणतं झाड तिथे का आहे, ते मेलं तर जागी काय लावायचं, छाटणी किती करायची. ऐकताना मला अण्णांची वही आठवली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, शेटच्या पेढीवरून आणलेली. ‘मृगाआधी आळी केली. मोगऱ्याला नीमपेंड दोन ओंजळी. जास्वंदीवर पांढरी कीड, तंबाखूचं पाणी मारलं, उतार नाही, फांदी काढली.’ चौदा वर्षांच्या नोंदी आहेत. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले.

त्याच दिवशी बाईंनी दक्षिण कॅरोलिनातल्या मिडलटन प्लेसची चित्रं दाखवली. १७४१ मध्ये सुरू झालेली बाग, नदीकडे उतरत जाणारे गवताचे टप्पे आणि खाली फुलपाखराच्या पंखांसारखी दोन तळी. ती माती गुलाम माणसांनी वाहिली. तिथे राबलेल्या त्या माणसांची नावं जुन्या कागदांतून शोधून आता नोंदवली आहेत, असं बाई म्हणाल्या तेव्हा खोली गप्प झाली. अण्णा गुलाम नव्हते, पगारी माणूस होते, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरी बंगल्याच्या जुन्या फोटोंमागे ‘माळी’ एवढंच लिहिलंय हे मला त्या क्षणी फार लागलं.

आता उणिवा. टिपणं सगळी इंग्रजीत आहेत. वर्ग मराठीतून घेता, तर चार पानं मराठीत द्यायला हवीत. माझ्या शेजारच्या बाईंनी ती न वाचताच पिशवीत घातली. मागच्या तीन रांगांना पडदा नीट दिसत नाही. आणि शेवटची राणीच्या बागेतली फेरी पस्तीस जणांची होती, निम्म्यांना काही ऐकू आलं नाही.

फेरी मात्र सोडू नका. ही बाग १८६२ ची. आपण मुलांना प्राणी दाखवायला नेतो आणि झाडांकडे मान वर करून बघत नाही. गोरखचिंचेच्या खोडाला दोन्ही हात पसरून टेकले, तर खोड संपता संपेना. उर्वशीच्या झाडाला लाल-पिवळे घोस लोंबत होते, त्याखाली बाईंनी सगळ्यांना दोन मिनिटं नुसतं उभं केलं. या झाडांसाठी मुंबईतल्या साध्या नागरिकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, एकेक झाड ओळखून नोंदवलं, हेही त्यांनी तिथेच सांगितलं.

फेरी संपल्यावर मी पिशवीतून वही काढली. बाई बाकावर बसल्या आणि शेवटच्या पानापर्यंत वाचली, मग प्रत्येक पानाचा फोटो घेतला. पुढच्या वर्गात फेरँडबाईंच्या टिपणानंतर यातली दोन पानं दाखवू का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, आणि पडद्यावर खाली अण्णांचं पूर्ण नाव, आडनावासकट, घालायला सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं.