रिचार्जेबल इलेक्ट्रिक टूथब्रश : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी फोंड्यातील दंतवैद्यांकडे गेले, ती दात किडला म्हणून नव्हे. माठातल्या पाण्याचा घोट घेतला तरी वरच्या डाव्या बाजूला सणकन कळ जात होती म्हणून. डॉक्टरांनी हातात आरसा देऊन सुळा आणि त्यामागची दाढ दाखवली. हिरडी वर सरकून मुळाचा पिवळसर भाग उघडा पडला होता आणि तिथे नख अडकेल एवढी आडवी खाच तयार झाली होती. उघड्या पडलेल्या या भागावर इनॅमलचे कवच नसल्यामुळे थंड थेट आत लागते, असे त्यांनी समजावून सांगितले. उजव्या हाताने जोर लावून आडवे घासणाऱ्यांच्या बाबतीत ही झीज बहुधा डावीकडे जास्त दिसते, हेही सांगितले आणि मग विचारले, "तुम्ही दात घासता की टोप?" तीस वर्षे शाळेत मुलांना स्वच्छतेचे धडे दिल्यानंतर हा प्रश्न ऐकणे फारसे सुखाचे नव्हते.

इलेक्ट्रिक ब्रश घ्याच, असे त्यांनी सांगितले नाही. मऊ ब्रश आणि हलका हात पुरेसा आहे, असेच त्यांचे म्हणणे होते. परंतु पन्नाशीत हाताचे वळण बदलणे किती अवघड असते, हे मी पंधरा दिवसांतच अनुभवले. पहिले चार दात सावकाश घासले जात आणि पाचव्यापासून हात पुन्हा जुन्या वेगाने चालू लागे. तेव्हा मी फोन करून विचारले आणि उत्तर मिळाले की घ्यायचाच असेल तर जास्त दाब दिल्यावर सूचना देणारा आणि दोन मिनिटांचा टायमर असलेला घ्या, बाकीच्या सोयींवर पैसे घालवू नका. त्यानुसार लहान गोल हेड (म्हणजे केसांचा, बदलता येणारा भाग) असलेला, हेड दोन्ही बाजूंना अर्धवट फिरणारा ब्रश मी ऑनलाइन मागवला. एका हेडसह त्याला तीन हजार दोनशे रुपये पडले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे चार्जरची जी तक्रार येणार आहे ती एका नगाची आहे आणि जे गुण सांगणार आहे ते या जातीच्या बहुतेक ब्रशांत असतात.

पहिल्या दिवशी मी तो तोंडात घालण्यापूर्वी सुरू केला आणि पेस्टचे शिंतोडे आरशावर, चष्म्यावर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर उडाले. ब्रश दातांवर टेकवावा, ओठ मिटावेत आणि मगच बटण दाबावे, हे माहितीपत्रकात लिहिलेले होते, पण माहितीपत्रक नंतर वाचायची आपली पद्धत. पहिले तीन-चार दिवस ओठांना आणि नाकाच्या शेंड्याला गुदगुल्या होत राहिल्या. पाच दिवस हिरड्यांतून किंचित रक्तही आले आणि आठवड्याभरात ते थांबले.

खरी अडचण निराळीच होती. या ब्रशने घासायचे नसते. हेड एका दातावर, हिरडीच्या कडेला थोडे तिरपे टेकवून धरायचे, तीन-चार सेकंद थांबायचे आणि पुढच्या दातावर सरकवायचे, एवढेच हाताचे काम असते. हालचाल यंत्र करते. माझा हात मात्र यंत्र चालू असतानाही मागेपुढे होत असे आणि लगेच दांड्याच्या मानेवरचा लाल दिवा लागत असे. पहिल्या आठवड्यात तो दिवा इतका लागला की आरशात तोंडाऐवजी मी त्याच्याकडेच पाहत होते. उजव्या बाजूला तो क्वचित लागे आणि डाव्या बाजूला सुळ्यापाशी पोहोचले की हमखास लागे, म्हणजे डॉक्टरांनी आरशात दाखवलेल्या नेमक्या त्याच जागी. इतक्या वर्षांत ही गोष्ट मला कोणत्याही ब्रशने सांगितली नव्हती.

टायमरनेही असाच हिशेब मांडला. दर तीस सेकंदांनी ब्रश क्षणभर अडखळतो, म्हणजे तोंडाचा पुढचा चतुर्थांश घ्यायचा. दोन मिनिटे ऐकायला पुष्कळ वाटतात. पण अठ्ठावीस दात धरले तर एका दाताच्या वाट्याला जेमतेम सव्वाचार सेकंद येतात, आणि बाहेरची, आतली व चावण्याची अशा तीन बाजू केल्या तर प्रत्येकीला दीड सेकंदही मिळत नाही. साध्या ब्रशने मी किती वेळ घासत होते, हे एकदा घड्याळ लावून पाहिले तेव्हा पन्नास सेकंद भरले.

दाबाचा सर्वांत बोलका पुरावा मला जुन्या हेडमध्ये सापडला. पहिल्या हेडचे केस सातव्या आठवड्यातच बाहेर वळून, पावसात भिजलेल्या झाडूसारखे फिसकटले होते. हेड तीन महिन्यांनी किंवा केस वाकताच बदलावे, असा संकेत आहे. दुसरे हेड मी डिसेंबरपासून वापरले आणि ते पूर्ण तीन महिने टिकले. तिसरे आज बारा आठवड्यांनंतरही जवळपास सरळ आहे. तिन्ही हेड मी खिडकीत शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत. पहिल्या दोहोंच्या मधल्या काळात नेमके काय घडले, ते पुढे सांगते.

हाताच्या ब्रशपेक्षा इलेक्ट्रिक ब्रश सरस आहे का, या प्रश्नावर कॉक्रेन या आरोग्यविषयक संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१४ साली ५६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला होता. तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर दातांवरचा चिकट थर, म्हणजे प्लाक, सुमारे २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळली. फरक आहे, पण जाहिरातींत दिसतो तसा जमीन-अस्मानाचा नाही. योग्य पद्धतीने घासणाऱ्याला साधा ब्रशही पुरतो. माझी पद्धत योग्य नव्हती, म्हणून मला हा फरक अधिक जाणवला असावा.

हा ब्रश जे करत नाही, तेही लिहिले पाहिजे. दोन दातांच्या फटीत तो पोहोचत नाही. यंदा मे महिन्यात घोटांचे सासव, म्हणजे लहान रायवळ आंब्यांचे मोहरी लावलेले कालवण, पोटभर खाल्ल्यावर आणि प्रत्येक बाठा चोखल्यावर दाढांत जे धागे अडकले, ते पूर्ण दोन मिनिटे ब्रश फिरवूनही निघाले नाहीत. शेवटी दातांच्या फटीत फिरवायचा दोराच (फ्लॉस) वापरावा लागला. माशाचा बारीक काटा अडकला तरी तोच उपाय. एकदा कडक झालेले कीटणही या ब्रशने सुटत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस, जिथे लाळेच्या ग्रंथींची तोंडे उघडतात, तिथे माझ्याकडे ते याही वर्षी थोडे साठले आणि डॉक्टरांनाच काढावे लागले. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये, हा नियम येथेही लागू आहे. आम्हांला जेवणानंतर सोलकढी लागते, त्यामुळे रात्री वाटी ठेवल्यापासून अर्धा तास थांबण्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागली.

आता चार्जरची गोष्ट. दांड्यावर धातूचे उघडे टोक कुठेही नसते. स्टँडमधील तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहते, त्यामुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र दांड्याच्या तळातील दुसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न करते आणि बॅटरी भरते. म्हणूनच पाण्याच्या जागी हा प्रकार सुरक्षित ठरतो. एकदा पूर्ण भरल्यावर माझ्या एकटीच्या वापरात तो पंधरा दिवस चालत होता. पण स्टँड मी न्हाणीघराबाहेरच्या बोर्डावर कायमचा लावून ठेवला होता, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, परतीच्या पावसाच्या एका संध्याकाळी, जवळच कडाडकन वीज पडून घरातले दिवे गेले. दिवे तासाभराने आले; स्टँडचा हिरवा दिवा काही पुन्हा लागला नाही. सहकारी शिक्षिकेचा स्टँड आणून पाहिला, तर दुसऱ्या कंपनीचा असल्यामुळे त्याची खुंटी आमच्या दांड्यात बसेना. ग्राहक सेवेने पहिल्या फोनवर संपूर्ण ब्रश परराज्यात पाठवायला सांगितले, दुसऱ्या फोनवर फक्त स्टँड पुरेल म्हटले आणि तिसऱ्या फोनवर आधीची तक्रार नोंदलेलीच नसल्याचे कळवले. नवा स्टँड हाती पडेपर्यंत चोवीस दिवस गेले. वॉरंटी होती म्हणून पैसे पडले नाहीत, एवढाच काय तो दिलासा.

दांड्यात उरलेली शक्ती चार दिवसांत संपली आणि पुढचे वीस दिवस मी नाइलाजाने जुना मऊ ब्रश वापरला. पहिल्याच सकाळी लक्षात आले की मी तो मुठीत धरलेला नाही. लेखणी धरावी तसा बोटांच्या टोकांत धरला आहे. हात आडवा धावत नव्हता, प्रत्येक दातापाशी थांबत होता आणि मनातल्या मनात तीसपर्यंत मोजणे आपोआप चालू होते. पंधरा दिवस सांगून जे वळण हाताला लागले नव्हते, ते लाल दिव्याने अडीच महिन्यांत लावले होते. ऑक्टोबरअखेर स्टँड आल्यावर यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा सुळ्यापाशीही दिवा लागला नाही. उरलेले दिवस कसेबसे काढून पहिले फिसकटलेले हेड डिसेंबरात बदलले, आणि दुसरे इतके टिकण्याचे कारण मी त्यातच पाहते.

डिसेंबरपासून सासूबाईही हाच दांडा वापरतात. हेड वेगळे, त्यावर निळी कडी. त्यांचे वय ७८, बोटे संधिवाताने वाकलेली, साध्या ब्रशची बारीक दांडी त्यांना नीट पकडता येत नसे. लहानपणी त्या आंब्याच्या पानाने आणि राखुंडीने दात घासत, त्यामुळे यंत्राबद्दल त्यांचे मत फारसे चांगले नव्हते. पहिल्यांदा तोंडात घालताच "अगो, हा तर भुंगा!" म्हणून त्यांनी तो माझ्या हातात परत दिला. सौम्य वेगावर ठेवून चार दिवस मीच त्यांचा हात धरला; आता जाड दांडा त्या स्वतः धरतात आणि अडखळला की बाजू बदलतात. फ्लोराइड दातांवर राहावे म्हणून नंतर फक्त थुंकायचे, पाण्याने लगेच खळखळून चूळ भरायची नाही, ही डॉक्टरांची सूचना मात्र त्यांनी आजतागायत मानलेली नाही. दोघींच्या वापरामुळे बॅटरी आता आठवडाभरच पुरते.

पावसाळ्यात या ब्रशची एक घाण बाजू दिसते. हेड जिथे दांड्यावर बसते तिथे पेस्ट आणि पाणी मुरून पांढरट गाळ साठतो आणि आमच्याकडच्या दमट हवेत आठ दिवसांत त्याच्यावर काळी बुरशी धरते. हेड पहिल्यांदा उपटले तेव्हा मला शिसारी आली होती. तेव्हापासून रोज रात्री हेड काढून दोन्ही भाग वेगळे धुऊन फडक्याने पुसते. दांडा पूर्ण बंदिस्त असल्यामुळे बॅटरी घरी बदलता येत नाही, म्हणजे ती संपली की तीन हजारांची वस्तू टाकूनच द्यायची. ही रचना मला मुळीच पटलेली नाही. दोन हेडचे पाकीट सातशे रुपयांना पडते आणि फोंड्यातील दुकानांत ते क्वचितच मिळते, तेव्हा दोघींचा वर्षाचा खर्च अठ्ठावीसशे रुपये धरावा. इतक्या पैशांत मऊ साधे ब्रश कितीतरी वर्षे पुरले असते.

मे महिन्यात डॉक्टरांनी पुन्हा तपासले. गेलेली हिरडी परत आलेली नाही, ती येणारही नव्हती. पण खाच वाढलेली नाही आणि हिरड्यांच्या कडांची लाली गेली आहे. थंड पाण्याची कळ आता महिन्यातून एखाद्या वेळी येते. ज्यांचा हात मुळातच हलका आहे आणि ज्यांच्या दातांची तक्रार नाही, त्यांनी या खर्चात पडू नये, असे मी आमच्या स्टाफरूममध्ये विचारणाऱ्यांना सांगते. ज्यांच्या ब्रशचे केस महिन्याभरात फिसकटतात किंवा ज्यांची बोटे चालत नाहीत, त्यांना घ्यायला सांगते.

आता पुन्हा जून लागला आहे. स्टँड बोर्डावरून काढून खोलीतल्या कपाटात ठेवला आहे, आठवड्यातून एकदा रात्री लावला जातो, आणि आभाळात पहिली गडगड झाली की माझ्या आधी सासूबाईच उठून तो काढतात.