आठ महिन्यांचा अनुभव: एसएसडी उत्तम, रॅम चांगली, बॅटरीबद्दलचं मत बदललं, आणि तो एक स्क्रू

काल भाच्याच्या नव्या एसएसडीचं, म्हणजे लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कचं काम करणाऱ्या वेगवान पट्टीचं, खोकं उघडलं. आत एसएसडी आणि घडी घातलेला वॉरंटीचा कागद, बस. स्क्रू याही खोक्यात नव्हता. आठ महिन्यांपूर्वी ह्याच स्क्रूपायी मी इंदूरच्या रामबागेतून सिल्व्हर मॉलला तीन चकरा मारल्या होत्या, म्हणून आज लिहायला बसले.

लॅपटॉप २०१९ चा. आठव्या पिढीचा आय-५, ४ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, एक स्लॉट रिकामा, आणि मिनिटाला ५४०० फेरे घेणारी १ टीबीची हार्ड डिस्क. यावर मी घरूनच काही दुकानदारांचे हिशेब सांभाळते, जीएसटीचे रिटर्न भरते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर विंडोज ११ ला चालतात, म्हणजे यंत्र बाद झालेलं नव्हतं, फक्त रडतखडत चालत होतं. त्यात बॅटरी फुगून टचपॅड वर आला होता. सर्व्हिस सेंटरने एसएसडी, रॅम, बॅटरी या तिन्ही वस्तू आणि मजुरी मिळून साडेचौदा हजार सांगितले. मी दिवाळीनंतर सगळं घरी बदललं. बॅटरी दोनदा घ्यावी लागली, तरी काही पैसे परत आले ते वजा करून सगळा खर्च नऊ हजारांच्या आत.

एसएसडीबद्दल थोडक्यात. आधी लॅपटॉप सुरू करून मी गॅसवर चहा ठेवायची आणि चहा उकळला तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. आता वीसेक सेकंदांत काम सुरू. घेण्याआधी आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून एवढंच पाहा की एम.२ स्लॉट, म्हणजे एसएसडीची पट्टी बसायची जागा, एनव्हीएमई घेतो की फक्त साटा. हे एसएसडीचे दोन प्रकार. दोन्ही पट्ट्या दिसायला जवळपास सारख्या. एनव्हीएमईला सहसा एक खाच असते, साटावाल्या बहुतेक पट्ट्यांना दोन. फक्त साटाच्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई पट्टी बसली तरी लॅपटॉपला ती दिसत नाही. जुनी हार्ड डिस्क टाकून दिली नाही, बाहेरून जोडता येईल अशा साडेतीनशे रुपयांच्या केसिंगमध्ये घातली. दर शनिवारी तिच्यावर बॅकअप घेते.

आता स्क्रू.

माझी एम.२ ची पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. एक टोक स्लॉटमध्ये तिरकं घालायचं, दुसरं दाबून स्क्रूने बोर्डाला धरायचं. स्क्रू नसेल तर ते टोक आपोआप वर उचललं जातं. माझ्या लॅपटॉपला लागणारा स्क्रू दोन मिलिमीटर जाडीचा, तीन मिलिमीटर लांबीचा, चपट्या डोक्याचा. कंपनीने स्लॉट दिला, पण तो रिकामा, म्हणून स्क्रू नाही. एसएसडीवाल्याने पट्टी दिली, पण स्क्रू लॅपटॉपमध्ये असेलच असं धरून चालला. २,९०० रुपयांची वस्तू हातात, आणि ती बसवायला तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा नाही! जुन्या हार्ड डिस्कचे स्क्रू लावून पाहिले, ते तीन मिलिमीटरचे, जाड पडतात. चष्म्याच्या दुकानात गेले, तिथले बारीक पडले. सिल्व्हर मॉलमध्ये पहिल्या दुकानदाराने सांगितलं, "वो तो साथ में आता है, मैडम." दुसऱ्यानेही तेच. कुठे साथ में येतो, ते दोघांनाही दाखवता आलं नाही.

दुसऱ्या चकरेत एकाने सल्ला दिला की टेपने चिकटवा, वरून झाकण बसलं की दबून राहील. मी तसं केलं. हे कुणीही करू नका. १९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी लॅपटॉप टेबलावरून उचलून पलंगावर ठेवला आणि काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश आला. दुसऱ्या दिवशी ३बी, म्हणजे जीएसटीचं दरमहाचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख, पाच जणांचे रिटर्न बाकी. रात्री दहा वाजता तळ उघडला तर आतल्या उबेने टेपचा डिंक सुटला होता आणि पट्टी स्लॉटमधून केसभर सरकली होती. परत दाबून बसवली, रिटर्न गेले, पण ती रात्र मी विसरलेले नाही.

तिसऱ्या चकरेत तळमजल्यावरच्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी जुन्या लॅपटॉपांच्या स्क्रूंची बरणी टेबलावर उपडी केली आणि चिमट्याने एकेक लावून बघत बरोबर तो शोधून दिला. दहा रुपये घेतले. मी पन्नास देऊन आणखी चार घेतले. त्या दिवसापासून पट्टी जागची हललेली नाही. एवढं लिहिण्याचं कारण हेच की मी वाचलेल्या एसएसडीच्या कुठल्याच माहितीत हा विषय निघाला नाही. सगळे वेगाचे आकडे सांगतात. मागवण्याआधी लॅपटॉप उघडून स्क्रू आहे का ते पाहा, नसेल तर तो आधी आणा.

स्क्रूंवरूनच आणखी एक. तळाचे स्क्रू एका लांबीचे नसतात. माझ्याकडे बिजागरीजवळचे लांब, पुढच्या कडेचे आखूड. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर आतला प्लास्टिकचा खांब फुटतो किंवा टोक बोर्डाला लागतं. मी मिसळणाचा डबा घासून कोरडा केला आणि प्रत्येक वाटीत एका जागेचे स्क्रू ठेवले. हळदीच्या वाटीत बिजागरीचे, मोहरीच्या वाटीत पुढचे. आत काहीही हलवण्याआधी बॅटरीची वायर काढायची आणि पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं, हेही सोडू नका.

रॅमबद्दल पहिले दोन महिने मला वाटलं की १,९०० रुपये वाया गेले. ८ जीबीची पट्टी ३२०० वेगाची घेतली, पण आठव्या पिढीच्या ह्या प्रोसेसरवर ती २४०० नेच चालते, म्हणजे जास्त वेगासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नव्हता. मत बदललं मार्चमध्ये. वर्षअखेरीला टॅली, दोन मोठ्या एक्सेल शीट आणि ब्राउझर एकदम उघडे ठेवून काम केलं आणि एकदाही अडकलं नाही. ४ जीबीवर हे शक्यच नव्हतं. त्यामुळे रॅम घ्याच, फक्त वेगाचा आकडा पाहून घेऊ नका.

बॅटरीबद्दल मात्र मला माझे शब्द मागे घ्यायचेत. जानेवारीत मी दोन मैत्रिणींना सांगितलं होतं की ऑनलाइन १,२५० ची कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीची पण आपल्या मॉडेलला बसणारी, बॅटरी उत्तम आहे, तीच घ्या. चूक होती. मूळ बॅटरीवर लिहिलं होतं ११.४ व्होल्ट, ३६०० एमएएच, म्हणजे ४१ वॉट-तास वीज मावते. नव्या बॅटरीवर ४४०० एमएएच, म्हणजे ४.४ अँपिअर-तास. ११.४ ला ४.४ ने गुणलं तर ५० येतात. त्याच आकारात जास्त दम, म्हणून मी खूश झाले. नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही ठेवल्या: मूळ १९६ ग्रॅम, नवी १७२. जास्त वीज मावणारी बॅटरी हलकी कशी, ही शंका तेव्हाच यायला हवी होती.

कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असं टाइप केलं की विंडोज बॅटरीचा सगळा रिपोर्ट फाइलमध्ये काढून देतं. पूर्ण चार्जची क्षमता पहिल्याच दिवशी ३४,२०० मिलिवॉट-तास, म्हणजे ५० नव्हे तर ३४ वॉट-तास होती, एप्रिलमध्ये १९,१०० उरली. वीज गेली की पाऊण तासात लॅपटॉप बंद. विक्रेत्याची सहा महिन्यांची वॉरंटी होती. उत्तर आलं की क्षमता कमी होणं वॉरंटीत बसत नाही, आणि दोनदा माझी तक्रार न विचारताच बंद केली. मी दोन्ही रिपोर्ट जोडून १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. आठवड्याभराने ७०० रुपये परत आले. पूर्ण मिळायला हवे होते.

दुसरी बॅटरी २,७०० ची. या वेळी लॅपटॉपचं मॉडेल सांगून घेतली नाही, जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर अक्षर न अक्षर जुळवून घेतली. तिच्यावर आयएस १६०४६ हा बॅटरीच्या सुरक्षिततेच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता. दुकानात उभं राहून तो नोंदणी क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला, निर्मात्याचं नाव आलं, मगच पैसे दिले. हे लिहिता लिहिता पुन्हा रिपोर्ट काढला: ४१,०४० पैकी ३९,३००.

फुगलेली जुनी बॅटरी कुणी टोचून किंवा दाबून सपाट करायला जाऊ नका, आग लागते. मी कनेक्टरवर टेप लावली, बॅटरी गॅलरीत मातीच्या कुंडीत ठेवली आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीवाल्या भाऊंच्या हातात वेगळी दिली. गाडीला ई-कचऱ्याचा कप्पा आहे, त्यांनी ती त्यातच टाकली हे पाहूनच मी आत आले.

भाच्याचं काम काल रात्रीच झालं. माझ्या शिवणाच्या डब्यात चार स्क्रू होते, त्यातला एक त्याला बसला. आता तीन उरलेत. इंदूरमध्ये कुणाचं अडलं असेल तर सांगा, देईन.