पहिला ऑपरेटर: अनुभवी घ्यायचा की आयटीआयचा नवा मुलगा?

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीत दोन सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) लेथवर जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे भाग बनवून देण्याचं काम, करणाऱ्या मालकांपुढे हा प्रश्न हमखास येतो. बरेच जण दोघांचे पगार शेजारी मांडून निर्णय घेतात. मला ती सुरुवातच पटत नाही. आधी बघा, दिवसभर मशीनपाशी थांबून शिकवणारं शॉपमध्ये कोण आहे.

आयटीआयचा टर्नर किंवा मशिनिस्ट झालेला मुलगा ड्रॉइंग वाचतो, व्हर्निअर धरतो. मशीनच्या कंट्रोलवर मात्र त्याचा हात बसलेला नसतो. समजा, बाहेरचा व्यास 25 मिमी हवा, अधिक-उणे 0.02, आणि जॉब (बनवलेला भाग) निघाला 25.03. जुना माणूस वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे हत्याराची झीज भरून काढणाऱ्या कंट्रोलवरच्या आकड्यात, एक्सला (व्यासाच्या अक्षाला) उणे 0.03 टाकून पुढचा जॉब लावतो. नव्याकडून चिन्ह उलटं पडलं तर पुढचा जॉब 25.06. बघणारं कोणी नसेल तर संध्याकाळपर्यंत ट्रे भरून रीवर्क. मालक स्वतः सेटर (मशीन लावून देणारा) असेल, तर हेच पाच मिनिटांत समजावता येतं आणि मुलगा तुमच्या पद्धतीने तयार होतो.

1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली त्याला रीतसर अप्रेंटिस म्हणून घेता येतं. 4 ते 29 माणसांच्या युनिटला ते ऐच्छिक आहे, 30 पासून बंधनकारक. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा 25 टक्के वाटा, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. करार संपल्यावर मात्र थांबायचं की जायचं हे त्याच्या हातात असतं, हे धरूनच चाला.

अनुभवी ऑपरेटर पहिल्या आठवड्यापासून माल काढतो. मालक ऑर्डर, मटेरियल आणि पेमेंटच्या मागे बाहेर असेल, तर दुसरा पर्याय शोधूच नका. धोका एकच आणि तो मोठा आहे: चाकणच्या मोठ्या कंपनीची बस, कँटीन आणि ओव्हरटाइम. तिथे तुम्ही पगारात पुरे पडणार नाही. वेळेवर पगार, ठरलेली साप्ताहिक सुट्टी आणि लेखी नेमणूकपत्र एवढं तरी द्या. लहान शॉपमधून माणसं पैशापेक्षा या तीन गोष्टींच्या अभावाने जास्त जातात, असं माझं मत आहे.

ओळखीतला कुणाचा तरी भाचा? कामाची परीक्षा घेता येत असेल तरच.

माझा कौल: पहिला अनुभवी, मग त्याच्या हाताखाली वर्षभरात एक आयटीआयचा मुलगा. दोघांचीही एक दिवस ट्रायल घ्या. मायक्रोमीटर हातात दिल्यावर तो आधी अँव्हिल (जॉब टेकतो तो मायक्रोमीटरचा स्थिर जबडा) पुसतो का, शून्य तपासतो का, एवढं बघा. दहा प्रश्नांच्या मुलाखतीपेक्षा त्यातून जास्त कळतं. आणि माणूस ठेवा न ठेवा, त्या दिवसाची हजेरी संध्याकाळी रोख द्या.