गोव्याची 'ड्यूटी फ्री' बिअर आणि दुसऱ्या दिवशी आलेला फोन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी साईडच्या लोकांनी जरा हे वाचा. सध्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर आणि इन्स्टावर "गोवा ड्यूटी फ्री, इम्पोर्टेड बिअर, बेळगावात डिलिव्हरी" असले फोटो फिरायलेत. त्यात बाटलीचे पैसे जातात ते सोडा, ते काय फार नसतात. खरा मार नंतर बसतो आणि तो बसला तरी माणूस कुणाला सांगत नाही, म्हणूनच ह्यांचं दुकान चाललंय.

आमची फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे मालकाची, मी तिथं पर्चेसला. नवीन मोल्डिंग लाइन बसवायला जर्मनीहून एक इंजिनियर आलेला, बव्हेरियाकडचा, पन्नाशीच्या पुढचा, एकदम साधा माणूस. इथला गोड कुंदा त्याला भयंकर आवडला, डोसा सकाळ-संध्याकाळ खायला तयार, कुरकुर कसली ती नाही. फक्त शनिवार आला की विचारायचा, इथं वाइसबिअर मिळेल का. म्हणजे तिकडची गव्हाची बिअर, एर्डिंगर, पाउलानर, फ्रान्झिस्कानर असली नावं तो सांगायचा. अर्ध्या लिटरची बाटली, आत यीस्ट तसंच ठेवलेलं, त्यामुळं गढूळ दिसते, ओतताना शेवटचा घोट बाटलीत ठेवून हलवायचा आणि मग तो यीस्ट वरनं ग्लासात सोडायचा, असं सगळं तो हातवारे करून सांगायचा. आपल्याकडं दुकानात सगळीकडं स्ट्राँगच स्ट्राँग. एकदा कुणीतरी त्याला ती पाजली, अर्धा ग्लास पिऊन त्यानं अगदी नम्रपणे बाजूला सारून ठेवला.

आम्ही रीतसर शोधलं. कॅम्पात, टिळकवाडीत, खडेबाजारला, चार दुकानदारांना विचारलं. ते लोक प्रामाणिकपणे म्हणाले की सर, आपल्या गावात ती खपत नाही, एक पेटी आणली तर वर्षभर पडून राहते, डेट निघून जाते. हायनेकन, कार्ल्सबर्ग, बडवायजर दाखवली, खरं ती नावं परदेशी असली तरी आपल्याकडची बहुतेक भारतातच बनते, बाटलीवरच लिहिलेलं असतं. आणि खरोखर बाहेरनं आलेल्या बिअरवर नुसती कस्टम ड्यूटीच शंभर टक्के, वर राज्याची एक्साइज, म्हणजे दारूवरचा कर, वेगळी, मग दुकानदार कशाला पैसे अडकवून ठेवेल.

तेवढ्यात आमच्या स्टोअरमधल्या पोरानं एक स्टेटस दाखवला. वीस बाटल्यांची पेटी, अर्ध्या लिटरच्या, जर्मन लेबल, बाटली २८० रुपये. फोन लावला तर पलीकडं गोड आवाज, कोकणी वळणाची मराठी, "सायबा, मोपा एअरपोर्टचा माल आसा, ड्यूटी फ्री, म्हणून स्वस्त, नाहीतर हीच बाटली बेंगळुरात तुम्हाला डबलच्या वर पडेल." मी म्हटलं फोटो जुना असंल, तर दहा मिनिटात व्हिडिओ आला, निळ्या फरशीवर पेटी आणि तिच्यावर त्या दिवशीचा पेपर तारखेसकट. आता ह्याच्यावर कोण अविश्वास दाखवणार सांगा. निम्मे पैसे आधी, निम्मे हातात माल आल्यावर, असं ठरलं. दुसरा कुणी असता तर सगळे आधी मागितले असते, ह्यानं नाही मागितले, आणि तिथंच माणूस गार पडतो.

हे 'ड्यूटी फ्री' प्रकरण आता मला नीट माहीत झालंय, तर सांगून ठेवतो. बाहेरदेशातनं येणाऱ्या वयानं मोठ्या माणसाला ड्यूटी न भरता दारू, वाइन, बिअर सगळं मिळून २ लिटर आणता येते. २ लिटर म्हणजे अर्ध्या लिटरच्या ४ बाटल्या. वीसची एक पेटी भरायची तर पाच पॅसेंजरनी आपापला सगळा कोटा बिअरवर घालवायला पाहिजे, व्हिस्की सोडून! असा पाच माणसांचा ग्रुप मला तरी अजून कुठं दिसलेला नाही. आणि ती त्यानं स्वतः प्यायला आणायची असते, विकायला नाही. तेव्हा "ड्यूटी फ्रीच्या पेट्या" म्हणून कोण विकायलाय म्हणजे एकतर माल चोरटा किंवा माल खोटा, तिसरं काही नाही.

डिलिव्हरी घरपोच म्हणून जाहिरात, खरं ऐनवेळी फोन की सायबा, कणकुंबीला चेकिंग कडक आहे, आमचा माणूस शहरात शिरणार नाही, तुम्ही चोर्ला रोडला किणयेच्या पुढं या. आम्ही गाडी घेऊन गेलो, अंधार पडलेला, एक ओम्नी थांबलेली. त्यातल्या पोरानं पेटी आमच्या डिकीत ठेवली, वरचं झाकण उघडून चार बाटल्या मोबाइलच्या उजेडात दाखवल्या, आणि लगेच "चला चला, इथं थांबू नका, कोणतरी बघेल, यारिगू हेळबेड्री," म्हणजे कुणाला सांगू नका. उरलेले पैसे मोबाइलवरनंच पाठवले आणि निघालो. ती घाई मुद्दाम असते बरं का. पेटी खालपर्यंत बघायला माणसाला वेळच द्यायचा नाही. आणि त्या घाईत आमच्या गाडीचा नंबर प्लेटसकट फोटो कधी काढला ते आम्हाला कळलंसुद्धा नाही.

रात्री जर्मन साहेबाच्या रूमवर पेटी उघडली. माणूस इतका खूश झालेला, ग्लास धुऊन पुसून तयार. पहिली बाटली हातात घेतली, दिव्यासमोर धरली आणि गप्पच झाला. मग एकेक बाटली काढून टेबलावर ओळीनं मांडायला लागला, आमच्या इन्स्पेक्शनवाल्यानं कास्टिंग मांडावीत तशी. वरच्या ओळीतल्या खऱ्या होत्या, म्हणजे बिअर खरी, फक्त तारीख थिनरनं पुसून वर नवीन स्टिकर मारलेला. बुडाचा यीस्ट घट्ट बसलेला, हलवला तरी सुटेना, चव घेतली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी. साहेब म्हणाला, जुनी झाली, उन्हातान्हात पडलेली की अशी होते, गव्हाची बिअर ताजीच प्यायची असते, ती काय वाइन नव्हे ठेवून मुरवायला.

खालच्या ओळीतली गंमत वेगळी. बाटली तीच, लेबल तेच, आतलं पाणी मात्र एकदम स्वच्छ पिवळं, गढूळपणाचा पत्ता नाही. झाकण काढलं तर फुस्स पण नीट झालं नाही. वास घेतल्या घेतल्या आम्ही दोघांनी ओळखली, आपलीच स्ट्राँग! कुठल्यातरी बीचवरनं रिकाम्या बाटल्या गोळा करायच्या, त्यात इथली भरायची आणि हातमशीननं झाकण दाबायचं. साहेबानं झाकणं उलटी-सुलटी करून दाखवली, लेबल एका ब्रुअरीचं आणि झाकण दुसरीचंच. त्या बाटल्यात आणखी काय मिसळलं असेल देव जाणे, साहेबानं सगळं बेसिनमध्ये ओतलं. आम्हाला एक घोटसुद्धा घेऊ दिला नाही.

त्या माणसाला फोन लावला तर उचलला, आणि चक्क माफी मागितली. "चुकीची पेटी गेली सायबा, उद्या बदलून देतो, तुमचं नाव, कुठं काम करता तेवढं पाठवा." स्टोअरच्या पोरानं पाठवलं. बदलून कसली देताय, तेवढी माहितीच त्यांना पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन कामाच्या टायमाला, वेगळ्या नंबरवरनं फोन. "एक्साइज इन्स्पेक्टर बोल रहा हूँ." डीपीला सरकारी शिक्का. आमच्या गाडीचा फोटो पाठवला, डिकी उघडी, पेटी दिसतेय, वर चॅटचे स्क्रीनशॉट. म्हणाला की तुमचा सप्लायर आम्ही पकडलाय, त्याच्या मोबाइलमध्ये तुमचं नाव आहे, कंपनीचं नाव आहे, त्यात फॉरेनर पण आहे, त्याच्या व्हिसाचं लफडं होईल, गाडी जप्त, केस कोर्टात. नाहीतर कंपाउंडिंग करून टाका, म्हणजे दंड भरून केस मिटवा, पंचवीस हजार, आत्ताच्या आत्ता. फोन ठेवायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही.

आता इथली गोम बघा. कायद्यात त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. गोव्याच्या बाटलीवर "फक्त गोव्यात विक्रीसाठी" असं लिहिलेलं असतं ते शोभेला नसतं, कर्नाटकाची ड्यूटी न भरलेला माल इकडं आणला तर कर्नाटक एक्साइज अॅक्ट, १९६५ खाली गुन्हा होतो. आपण बॉर्डरची माणसं, आपल्याला महाराष्ट्रातलं शिनोळी काय आणि बेळगाव काय, पेट्रोल जिथं स्वस्त तिथं भरतो, लग्नं तिकडं, शेती इकडं, चोर्ला घाट उतरलं की गोवा. सीमाप्रश्न आमच्या बाबतीत कधी सुटंल ते सुटंल, बाटलीला मात्र सीमा एकदम पक्की आहे. ह्या लोकांना हे बरोबर माहीत असतं, की ह्यानं पोलिसात जायचं म्हटलं तर आधी स्वतःचंच सांगावं लागणार. म्हणून बिअर हे नुसतं गळाचं आमिष, धंदा पुढच्या फोनचा.

स्टोअरचं पोरगं घाबरलं आणि त्यानं आठ हजार पाठवले पण. उरलेल्यासाठी क्यूआर माझ्याकडं आला, मी स्कॅन केला तर वर नाव कुणाचं? ज्याला पेटीचे पैसे दिले तेच नाव! म्हणजे ज्या सप्लायरला पकडलाय त्याच्याच खात्यात सरकार दंड भरून घ्यायलाय, वा रे वा. आणि बेळगावचा एक्साइजवाला कन्नड सोडून पूर्ण हिंदीत बोलतोय, एक शब्द कन्नड नाही, हे पण तेव्हाच डोक्यात आलं. मी कन्नडात विचारलं, "नोटीस कळसरी, ऑफिसिगे बर्तीनी," म्हणजे नोटीस पाठवा, ऑफिसला येतो, तर शिव्या देऊन फोन कट.

ओळखीच्या वकिलांना विचारलं, कोर्टातले जुने आहेत, ते हसलेच. म्हणाले असले फोन घेऊन येणारे महिन्यात बरेच असतात, कुणी बिअर, कुणी अजून काय काय, पद्धत तीच. खरी केस असली तर माणूस दारात येतो, पंचनामा होतो, कागद हातात देतो, दंड भरला तर सरकारी पावती मिळते. फोनवर बोलत बोलत कुणाच्या खाजगी खात्यात दंड कधीच भरत नाहीत. आणि फसवणुकीची तक्रार द्यायला घाबरू नका, जे झालंय तसं लिहा, लपवालपवी केली तर उलट अवघड होतं.

त्याच संध्याकाळी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर सगळं टाकलं, ट्रान्झॅक्शन नंबर, स्क्रीनशॉट, दोन्ही मोबाइल नंबर. ह्यात वेळेला किंमत आहे, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तरच बँकेला थांबवता येतात. आमचे दंडाचे आठ हजार ताजे होते, त्यातली काही रक्कम होल्डवर पडलीय असा मेसेज आलाय, अजून हातात यायची आहे. पेटीचे पैसे गेले ते गेलेच. मालकाला सांगावं लागलं, ते चिडले, खरं कंपनीचं नाव त्या चॅटमध्ये असल्यामुळं सांगितलेलंच बरं होतं, नाहीतर पुढचा फोन त्यांनाच गेला असता.

कुणाला खरंच इम्पोर्टेड पाहिजे असेल तर परवानाधारक दुकानातनंच घ्या, बिल घ्या. बाटलीवर इम्पोर्टरचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षावाल्या सरकारी संस्थेचा) नंबर, एमआरपी पाहिजेच, आणि दारू आरोग्याला अपायकारक असल्याची इशाऱ्याची ओळ, ती १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची आहे. कर्नाटकात विकायच्या बाटलीला एक्साइजचं लेबल असतं, नसेल तर हात लावू नका. तारखेवर नख फिरवून बघा, वर स्टिकर असला तर लगेच कळतं. झाकणावरचं नाव लेबलाशी जुळतंय का बघा, हे तर कुणालाही जमतं. साहेबाचं काय झालं विचाराल तर तो एका लाँग वीकेंडला स्वतःच पणजीला गेला, तिथं बसून बिलासकट पिऊन आला, बाटली बरोबर आणली नाही.

परवा निपाणीच्या एका पाव्हण्यानं मला एक व्हिडिओ पाठवला, की दाजी हे घेऊ काय, स्वस्तात मिळायलंय. ह्यावेळी बेल्जियमची बिअर, नंबर नवा, पेजचं नाव नवं, पेपर त्या दिवशीचा. फरशी तीच निळी, कोपऱ्यातला तुटका तुकडापण तसाच. मी त्याला म्हटलं पैसे पाठवू नको, तो नंबर आधी मला पाठव. तो पण आमच्या तक्रारीत जोडलाय. तुमच्याकडं असला व्हिडिओ आला तर फरशी बघा आणि नंबर डिलीट न करता १९३० ला कळवा.